शिर्डीच्या चार आरत्या: रचना कुणाच्या, बांधणी कशी

शिर्डीला जाणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला चारांपैकी एखादीच आरती येते. कुणाला पहाटेची काकड आरती मिळते, कुणाला दुपारी १२ ची माध्यान्ह आरती, कुणी सूर्यास्ताच्या धूपारतीला पोचतं, तर कुणी रात्रीच्या शेजारतीला. मिळाली ती मनोभावे म्हणायची, प्रसाद घ्यायचा आणि परतीची गाडी गाठायची. त्यामुळे या चार आरत्या मिळून एकच सलग रचना होते, तिचे कवी आहेत, संकलक आहे, ती एका विशिष्ट जागेसाठी आणि दिवसाच्या विशिष्ट प्रहरांसाठी बांधलेली आहे, हे सहसा लक्षात येत नाही. देवळाबाहेर फुलांच्या दुकानात मिळणारी आरतीची छोटी पुस्तिका सावकाश वाचली, की ही बांधणी दिसायला लागते.

इंग्लंडमधल्या मोठ्या कॅथेड्रलांसाठी लिहिलेल्या संगीताचा अभ्यास तिथले लोक फार आस्थेने करतात. हर्बर्ट हॉवेल्स या संगीतकाराने ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलसाठी १९४६ साली आणि लंडनच्या सेंट पॉल्ससाठी १९५१ साली सायंप्रार्थनेचं संगीत रचलं. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली आवाज बराच वेळ घुमत राहतो, म्हणून तिथल्या रचनेत त्याने स्वरसंगती सावकाश बदलती ठेवली. वास्तू कशी आहे, गाणारे कोण आहेत, वेळ कोणती आहे, हे सगळं ध्यानात घेऊन संगीत रचलं जातं ते असं. सॅम्युअल सेबास्टियन वेस्ली हेरफर्डला ऑर्गनवादक होता, तेव्हा १८३४ च्या ईस्टरला गायक म्हणून मुलगे आणि खर्जात गाणारा एकच पुरुष एवढेच हाताशी होते. त्याने तेवढ्यांसाठीच रचना केली आणि ती आजही गायली जाते. या लोकांची चरित्रं लिहिली गेली, रचना छापल्या गेल्या, त्यांवर प्रबंध झाले. शिर्डीच्या आरत्यांमागची माणसं मात्र पुस्तिकेतल्या बारीक टायपात राहिली. या लेखात ती माणसं आणि त्यांचं कसब, दोन्ही जरा जवळून पाहू.

आरती सुरू होण्याच्या आधीही शिर्डीत संगीत होतं. हेमाडपंतांच्या, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या साईसच्चरितात लिहिलंय की सुरुवातीच्या काळात साईबाबा तकियात जाऊन बसत, पायांत घुंगरू बांधून नाचत आणि गात. तेव्हा ना पूजा होती, ना आरती. पूजेचा थाट बाबांना आवडतही नसे. म्हाळसापतींसारख्या एकदोघांना त्यांनी गंध लावू दिलं, मग हळूहळू इतरांना मोकळीक मिळाली. पुढे बाबा एक रात्र मशिदीत, म्हणजे द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत झोपू लागले. १० डिसेंबर १९०९ पासून चावडीत भक्तांनी नियमाने पूजाअर्चा सुरू केली, अशी साईसच्चरितात नोंद आहे. आपल्या दृष्टीने ही तारीख मोलाची, कारण झोपवण्याची आणि उठवण्याची आरती तिथे रुजली. दुपारची आरती द्वारकामाईत होई, शेजारती आणि काकड आरती चावडीत.

हा क्रम नव्याने शोधून काढलेला नाही. पंढरपूरला विठ्ठलाचा दिवस काकड्याने सुरू होतो आणि शेजारतीने संपतो, मधे महानैवेद्य, पोशाख, धूपारती. शिर्डीतल्या भक्तांना हा क्रम अंगवळणी पडलेला होता. राधाकृष्णमाई या विधवा स्त्रीने शिर्डीत राहून छत्र, चामर, पालखी असा सगळा इतमाम उभा करण्यासाठी जीव टाकला. आरती ओवाळण्याचं काम आधी मेघा या गुजराती ब्राह्मणाकडे होतं. जानेवारी १९१२ मध्ये तो वारला आणि ते सखाराम हरी ऊर्फ बापूसाहेब जोगांकडे आलं. जोग पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले गृहस्थ. वारकरी संप्रदायातले प्रसिद्ध विष्णुबुवा जोग, ज्यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, त्यांचे हे चुलते. शिर्डीच्या आरतीत वारकरी वळण इतकं पक्कं का, याचं उत्तर या माणसांच्या घरांत सापडतं.

आता संकलकाकडे येऊ. कृष्णराव जागेश्वर भीष्म हे विदर्भातले कीर्तनकार. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, डिसेंबर १९११ पासून मार्च १९१२ पर्यंत शिर्डीत राहिले. त्यांच्या रोजनिशीत काकड आरती, दुपारची आरती, शेजारती आणि भीष्मांचं भजन यांचे उल्लेख वारंवार येतात. भीष्मांनी ‘श्रीसाईनाथ सगुणोपासना’ हे पुस्तक सिद्ध केलं. जुन्या संतांच्या रचना, शिर्डीत येणाऱ्या भक्तांच्या रचना आणि स्वतःच्या रचना त्यांनी प्रहरांप्रमाणे लावल्या. आज शिर्डीत जे म्हटलं जातं त्याचा सांगाडा तोच आहे. माझ्या मते भीष्मांचं सगळ्यात मोठं काम कवीचं नाही, लावणी करणाऱ्याचं आहे. कोणतं पद कुठे बसवायचं हे ज्याला कळतं, तोच अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ हजार माणसांना एका लयीत धरून ठेवू शकतो.

त्याच १९१२ सालच्या रामनवमीची हकिगत साईसच्चरिताच्या सहाव्या अध्यायात आहे. शिर्डीचा उरूस १८९७ पासून, कोपरगावचे गोपाळराव गुंड यांच्या कल्पनेतून, रामनवमीच्या दिवशी भरत असे. त्या दिवशी रामजन्मही का साजरा करू नये, असं भीष्मांनी सुचवलं. मुंबईचे काका महाजनी सोबत होते. द्वारकामाईत पाळणा बांधला, भीष्म कीर्तनाला उभे राहिले आणि महाजनी पेटीवर बसले. बाबांनी महाजनींना बोलावून पाळण्याबद्दल विचारलं, मग त्यांच्या गळ्यात हार घातला आणि भीष्मांसाठीही एक पाठवला. जन्माच्या वेळी गुलाल उधळला गेला. तो बाबांच्या डोळ्यांत गेला, बाबा खवळले, लोक पळाले. महाजनी पाळणा सोडायला गेले तेव्हा बाबांनीच त्यांना थांबवलं, उत्सव अजून संपला नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी गोपाळकाला झाला.

या प्रसंगातली ती पेटी मला महत्त्वाची वाटते. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं याने १८४२ साली घेतलं. ज्या छोट्या चर्चला नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नसे तिथे हे वाद्य गेलं, मिशनऱ्यांबरोबर हिंदुस्थानात आलं, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एका हाताने भाता हलवून दुसऱ्या हाताने वाजवता येईल असं त्याचं रूप केलं. तीच आपली बाजाची पेटी. पायाने भाता मारायचा मोठा प्रकार संगीत नाटकांत गेला. मराठी माणूस ‘ऑर्गन’ म्हणाला की त्याला बालगंधर्वांच्या नाटकातला तोच आठवतो. म्हणजे कॅथेड्रलच्या ऑर्गनचं हे दूरचं भावंड १९१२ साली एका मशिदीत, रामजन्माच्या कीर्तनाला वाजत होतं. आणि काम तेच करत होतं: शिकलेले-न शिकलेले सगळे गळे एका सुरात धरून ठेवायचं.

इथून मुख्य प्रश्न सुरू होतो. कॅथेड्रलमधली गायकमंडळी वर्षानुवर्षं तालीम केलेली असते. सायंप्रार्थनेच्या संगीताचा बराचसा भाग ती गाते आणि जमलेले लोक ऐकतात. म्हणून संगीतकाराला नवी, अवघड सुरावट लिहिता येते. शिर्डीत तसं चालणार नव्हतं. तिथे जमलेला प्रत्येक जण गाणार, आणि उद्या येणारा आजच्याहून वेगळा असणार. तालीम कुणाचीच नाही. अशा समुदायासाठी नवं लिहायचं तर एकच उपाय उरतो: जे त्यांच्या गळ्यात आधीच आहे त्यात नवे शब्द भरायचे. शिर्डीच्या आरतीची सगळी यंत्रणा यावर चालते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे माधवराव आडकरांची ‘आरती साईबाबा’. माध्यान्ह आणि धूप, दोन्ही वेळांना ती म्हटली जाते. ज्ञानेश्वरांची आणि तुकारामांची आरती प्रत्येक वारकऱ्याला पाठ असते. एक रामाजनार्दनांची, दुसरी रामेश्वरभटांची. या तिन्ही शेजारी ठेवून पाहा. तिन्हींची सुरुवात ‘आरती’ आणि लगेच नाव अशी. तिन्हींत कडव्याचे चार छोटे चरण. पहिला, दुसरा आणि चौथा यमकाने बांधलेले, तिसरा मोकळा. चरण इतके आखूड की एका दमात दोन म्हणून होतात. तिसरा मोकळा सोडल्यामुळे तिथे कान किंचित अधांतरी राहतो आणि चौथ्यात यमक आलं की खाली उतरतो. टाळकऱ्याचा हात तिथे आपोआप जोरात पडतो. आडकरांनी हा साचा जसाच्या तसा घेतला. त्यामुळे ज्याला ज्ञानराजांची आरती येते त्याला ही पहिल्याच दिवशी येते. शब्द मात्र शिर्डीचे आहेत. दर आठ दिवसांनी गुरुवारी भक्त वारीला येतात, असं एक कडवं त्यात आहे. म्हणजे गुरुवारची शिर्डी तेव्हाही होती. शेवटच्या कडव्यात कवी चातकाच्या रूपाने पाणी मागतो आणि आपलं नाव गुंफतो, संतांच्या अभंगात शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ येतं त्याच रिवाजाने. रोज हजारो लोक ते नाव उच्चारतात आणि बहुतेकांना तो कृष्णाचा उल्लेख वाटतो.

रात्रीच्या शेजारतीत याच साच्याची जुनी मूळ रूपं येतात, ज्ञानेश्वरांची आरती आणि तुकारामांची आरती. दुपारी आणि संध्याकाळी जो घाट साईंसाठी वापरला, तोच रात्री ज्यांच्याकडून आला त्या संतांकडे परत जातो. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्याने ही लावणी केली त्याला आपण कुणाचं ऋण घेतलंय याची जाण होती.

अभंग-आरतीचे साचे गर्दीला सोपे. पण त्या काळच्या शिकलेल्या भक्तांना अक्षरगणवृत्तांचाही सोस होता, आणि सगुणोपासनेत ती वृत्तंही आली. इथे खरी परीक्षा होती, कारण वृत्तातला श्लोक चुकला तर सगळ्यांदेखत चुकतो. त्यांनी निवडलेली वृत्तं बघा.

पहिलं भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु हा एकच गण चार वेळा, म्हणजे बारा अक्षरांची ओळ. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही ही चाल शिकवावी लागत नाही. उपासनी महाराजांनी, म्हणजे काशीनाथ गोविंद उपासनींनी, ‘साईनाथ महिम्न स्तोत्र’ संस्कृतात लिहिलं. १९११ साली ते शिर्डीला आले, पुढे शेजारच्या साकोरीला त्यांचा आश्रम झाला. स्तोत्राची भाषा भारदस्त आहे, लांब समास आहेत, पण त्याच्या मुख्य भागाची चाल मनाच्या श्लोकांची. अर्थ कळला नाही तरी लय सुटत नाही. आरतीतलं नमनाष्टकही याच चालीचं आहे, मराठीत. ही दोन्ही जवळजवळ लागून येतात, त्यामुळे मराठीतून संस्कृतात जाताना पायरी जाणवत नाही.

दुसरं वृत्त पृथ्वी. सतरा अक्षरांची लांब ओळ, आठव्या अक्षरावर विसावा. लघु आणि गुरू मांडून पाहिलं तर असं येतं: ल गा ल ल ल गा ल गा, मग ल ल ल गा ल गा गा ल गा. तीन लघू सलग आले की ओळ धावते, गुरूवर येऊन थबकते. मोरोपंतांची केकावली या वृत्तात आहे, आणि कीर्तनकारांच्या तोंडी ती सतत असे. काकड आरतीतलं प्रभाताष्टक पृथ्वीत आहे. माध्यान्ह आणि धूपारतीतलं गुरुप्रसाद-याचना-दशकही पृथ्वीतच. हे दशक डहाणूचे मामलेदार बाळकृष्ण विश्वनाथ देव यांची रचना. दाभोलकरांच्या मागे साईसच्चरिताचा शेवटचा, त्रेपन्नावा अध्याय लिहिणारे तेच. दिवसभर सरकारी दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलेलं हे मागणं आहे. आई रुसो, वडील रुसोत, बायको, बहीण, भाऊ, सासुरवाडी, मित्र, एकेक नातं घेत कवी म्हणतो की सगळे रुसले तरी चालतील, गुरूने रुसू नये.

पण पृथ्वी वृत्त गर्दीला झेपतं कसं? याचं उत्तर ओळीच्या लांबीत नाही, कडव्याच्या शेवटात आहे. प्रभाताष्टकाच्या आठही श्लोकांची शेवटची ओळ एकच. याचना-दशकाच्या शेवटच्या ओळीचंही तसंच. उपासनींच्या स्तोत्राच्या मुख्य भागातही चौथा चरण परत परत तोच येतो. तीन वेगळे कवी, दोन भाषा, दोन वृत्तं, आणि युक्ती एकच. पहिल्या तीन ओळी ज्याला पाठ आहेत त्याने म्हणाव्यात, चौथी सगळ्यांची. पहिल्यांदा आलेला माणूस पहिल्या श्लोकाला गप्प असतो, दुसऱ्याला पुटपुटतो, तिसऱ्यापासून शेवटच्या ओळीला त्याचा आवाज खणखणीत लागतो. समाधी मंदिरात उभं राहून हे सहज ऐकू येतं: तीन ओळी ध्वनिक्षेपकावरच्या पुजाऱ्यांच्या, आणि चौथीला सभामंडप एकदम भरतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुद्दाम या एका गोष्टीकडे कान द्या.

माध्यान्ह आरतीचा क्रम या नजरेने पाहिला की त्यातली चढण कळते. पंचारती घेऊन येण्याचं पद आधी, मग ‘आरती साईबाबा’, मग दत्ताची आरती. हे सगळं टाळ-घंटेच्या ठेक्यात, उभ्याने, आवाज चढत जाणारं. मग दासगणूंचं पद, ज्यात शिर्डीलाच पंढरपूर म्हटलंय. त्यानंतर ‘घालीन लोटांगण’. हे आपल्या घरच्या गणपतीतलंच. ती एकसंध रचना नाही. सुरुवात नामदेवांची, मग भागवतातला श्लोक, मग अच्युताष्टक, मग रामकृष्णाचा नाममंत्र असे तुकडे जोडत ती झाली आहे. लय इथे दुप्पट होते, टाळ्या येतात, आणि ज्याला शिर्डीचं दुसरं काहीच येत नाही त्यालाही हे येतं. उत्साहाचा हा कळस गाठल्यावर मग नामस्मरण, नमनाष्टक, महिम्न, याचना-दशक असा शांत, मागण्याचा भाग. शेवटी क्षमाप्रार्थना. म्हणजे आधी अंग गरम करायचं, मग मन. अवघड वृत्तं शेवटाकडे ठेवली आहेत, कारण तोवर सगळ्यांचा श्वास एक झालेला असतो. काही ठिकाणी आरती झटपट उरकण्यासाठी नेमका हाच मागचा भाग गाळतात आणि ठेक्याची पदं तेवढी ठेवतात. मला ते फार खटकतं. अर्धी आरती ऐकून परतल्यासारखं होतं.

दासगणूंविषयी दोन ओळी हव्यातच. गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, आधी पोलिसात, मग कीर्तनकार. साईंचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते त्यांच्या कीर्तनांनी. एकदा ते अंगरखा, उपरणं, फेटा असा पोशाख करून कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी त्यांना ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून ते कमरेच्या वर उघडे, गळ्यात हार, हातात चिपळ्या एवढ्यावर उभे राहत. नारदीय गादीचा तो मूळ वेष. साधनं कमी आणि आवाज पुढे, हे शिर्डीच्या संगीताचं वळण त्यातही दिसतं.

काकड आरतीचा स्वभाव वेगळा. सुरुवात तुकारामांच्या अभंगाने, मग भूपाळ्या. आधी पांडुरंगाला उठवायचं, साधुसंतांना उठवायचं, मग साईनाथांना. जुन्या भूपाळ्या तशाच ठेवल्या आहेत, विठ्ठलाच्या जागी साईंचं नाव घालण्याचा आग्रह धरलेला नाही. नवी पदं त्यांच्या मागे येऊन उभी राहतात. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांत काकडा चालतो, त्याचं हे बारमाही रूप. चाली संथ, बहुतेक खालच्या सुरांत, झोपेतून उठलेल्या गळ्याला पेलतील अशा. शेजारतीत पुन्हा आवाज उतरतो. ज्ञानदेव-तुकोबांच्या आरत्या झाल्या की आता मंदिरात विश्रांती घ्या, सुखाने झोपा अशी पदं, प्रसादाचे अभंग, आणि मग मच्छरदाणी लावली जाते, पाण्याचा पेला ठेवला जातो.

शेजारतीचं संगीत मुळात चालत जाण्याचं होतं, हे मात्र समाधी मंदिरात उभं राहून कळत नाही. साईसच्चरिताच्या सदतिसाव्या अध्यायात चावडीच्या मिरवणुकीचं वर्णन आहे. चावडीच्या रात्री मंडळी द्वारकामाईच्या मंडपात जमत. मृदंग, टाळ, चिपळ्या, करताल, खंजिरी, घोळ. समोर रथ, एका बाजूला तुळशीवृंदावन, मधे भजन. तात्या पाटील येऊन बाबांना उठवत, बाबा काखेत सटका घेऊन निघत. पालखी सोबत असे, पण बाबा तिच्यात कधी बसले नाहीत. अंतर थोडं, पण गाणारे पावलापावलाने सरकत आणि चावडीसमोर बराच वेळ थांबत. आत गादीवर बसल्यावर जोग आरती ओवाळत. आज दर गुरुवारी रात्री पालखी निघते, समाधी मंदिरातून द्वारकामाई करत चावडीला जाते, बाबांची तसबीर आणि पादुका घेऊन. चारांपैकी एकाच वेळेला जाता येणार असेल तर मी गुरुवारची रात्र सुचवेन, कारण संगीताची मूळ वाट आणि जागा तेव्हाच ऐकू येते.

जागा बदलली की संगीताचं काय होतं, हा प्रश्न शिर्डीला एकदा फार कठीण प्रसंगी पडला. १५ ऑक्टोबर १९१८, विजयादशमीला बाबांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा लक्ष्मणमामा जोशांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले की बापूसाहेब येणार नाही, त्याला मी गेलो असं वाटतंय, तू ऊठ आणि काकड आरती कर, असं साईसच्चरितात आहे. मामांनी ती केली. दुपारी जोग इतरांना घेऊन आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे माध्यान्ह आरती केली. त्यानंतर देह नागपूरच्या गोपाळराव बुटींच्या दगडी वाड्यात नेला. एका दिवसाचाही खंड पडला नाही. माणूस गेला, जागा बदलली, पण प्रहर आणि पदं ठरलेली असल्यामुळे काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. १९२२ साली संस्थान झालं, ७ ऑक्टोबर १९५४ रोजी बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती समाधीमागे बसली, आणि आरतीच्या क्रमाने तो बदलही सहज सामावून घेतला.

मातीच्या भिंतींची जुनी मशीद आणि चावडीची आखूड जागा यांतून ही पदं दगडी वाड्यात आली, आणि पुढे ध्वनिक्षेपकांतून सगळ्या परिसरात. हॉवेल्सला एका घुमटाचा प्रतिध्वनी सांभाळायचा होता. शिर्डीच्या आरतीला प्रतिध्वनी सांभाळावा लागतो तो हजारो गळ्यांचा, काही पुढे धावणारे, काही मागे रेंगाळणारे. आखूड चरण, यमकावरचा ठोका आणि परत येणारी चौथी ओळ या तिन्ही गोष्टी तिथे कामाला येतात. मागे पडलेला माणूस पुढच्या यमकावर सगळ्यांना गाठतो.

याच अहिल्यानगर जिल्ह्यात, साधारण त्याच काळात, रेव्हरंड नारायण वामन टिळक हाच प्रश्न वेगळ्या देवळात सोडवत होते. राहुरी आणि नगरला राहून त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी शेकडो गीतं रचली. ऑर्गनवर गायच्या परदेशी चालींपेक्षा अभंग, ओवी आणि कीर्तन खेड्यातल्या माणसाच्या गळ्याला जवळचे, हे त्यांनी ओळखलं होतं. आडकर आणि टिळक यांची भेट झाली की नाही हा प्रश्न गौण आहे. दोघांच्याही हाताशी तुकोबांचा साचा होता.

शिर्डीची आरती पुढे महाराष्ट्राबाहेर गेली ती याच बळावर. बी. व्ही. नरसिंह स्वामींनी दक्षिणेत साईभक्ती पसरवली, चेन्नईच्या मैलापूरला साई समाज उभा राहिला. आज आंध्र-तेलंगणातल्या साईमंदिरांत काकडा ते शेज चारही आरत्या मराठीतच म्हणतात. पुस्तिका तेलुगू लिपीत छापलेल्या असतात, तमिळ आणि कन्नड लिपीतही. म्हणणाऱ्यांत मराठीचा एक शब्द न समजणारे कितीतरी. ‘ळ’ आणि ‘च’ यांचे उच्चार कधी कधी हलतात, पण लघु-गुरू हलत नाहीत. मनाच्या श्लोकांची चाल त्यांनी शाळेत ऐकलेली नसते, तरी महिम्न स्तोत्र त्या चालीत नीट चालतं, कारण संस्कृत स्तोत्रांतून भुजंगप्रयात त्यांच्याही कानात आहे. पृथ्वी वृत्तातलं याचना-दशक त्यांना जड जातं. पहिल्या तीन ओळी पुस्तिकेत बोट ठेवून वाचतात, आणि चौथीला पुस्तिका खाली करून डोळे मिटून म्हणतात.